माळ्यावरचे सामान : काय ठेवावे, काय द्यावे, आणि कोणाला?

डोंबिवली पूर्व

नमस्कार. आमची इमारत १९७४ सालची आहे आणि ती आता पुनर्विकासाला जाणार आहे. तीन महिन्यांत जागा रिकामी करून आम्हांला भाड्याच्या घरात जायचे आहे. ते घर एका खोलीने लहान आहे, आणि नव्या इमारतीत परत येऊ तेव्हा तिथे माळा नसेल, हे नकाशात स्पष्ट दिसते.

आमच्या माळ्यावर पाणी तापवायचा पितळेचा बंब आहे, दोन घंगाळी आहेत, सात पाट, वातीचा स्टोव्ह, बंद पडलेले दोन रेडिओ, दिवाळी अंकांचे गठ्ठे, सासऱ्यांच्या फायली आणि लुगड्यांनी भरलेली एक लोखंडी ट्रंक आहे. याखेरीज हळदीकुंकवाच्या वाणात आलेल्या प्लास्टिकच्या टोपल्या, आणि ओटीत आलेले ब्लाऊजपीस, जे मी परवा मोजले तेव्हा एकशे चौदा भरले. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. कोणतीही वस्तू हातात घेतली की "असू दे, लागेल कधीतरी" असे त्या म्हणतात, आणि मग ती जिथून काढली तिथे परत ठेवावी लागते.

एक चूक आमच्या हातून आधीच झालेली आहे, ती इथे मोकळेपणाने सांगते. मागच्या दिवाळीत सासूबाई गावी गेल्या असताना आम्ही दोघांनी एक पोते भंगारवाल्याला दिले. त्यात पोचा आलेला एक तांब्या होता. परत आल्यावर त्यांनी तो दोन दिवस शोधला आणि तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "माझ्या आईने रुखवतात ठेवलेला होता तो." त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतेच बोलत होत्या. तसे पुन्हा घडू नये, ही माझी सर्वांत मोठी इच्छा आहे. त्यांच्या संमतीने हे काम कसे करावे, आणि वस्तू खरोखर वापरणाऱ्याच्या हाती कशा पोचवाव्यात, हे ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

मिरजेची लेक

ताई, तुमचा तांब्याचा प्रसंग वाचून फार वाईट वाटले. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या आईचे मिरजेचे घर आवरले, आणि त्यातून जे शिकले ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात माळ्यापासून करू नका. ज्या वस्तूंना आठवण चिकटलेली नाही, त्या आधी हातात घ्या : श्रीखंडाचे रिकामे डबे, झाकण हरवलेल्या बाटल्या, कुठल्या यंत्राच्या होत्या हेही आता कोणाला सांगता न येणाऱ्या वायरी, मुदत संपलेली औषधे. यात वाद होत नाही आणि आठवडाभरात ओटा व कपाटे मोकळी दिसू लागतात. घर मोकळे झालेले डोळ्यांनी पाहिले की माणसाचे मन पुढच्या कामाला तयार होते, निदान माझ्या आईचे झाले. त्यानंतर कपडे, मग भांडी, मग कागदपत्रे आणि अगदी शेवटी फोटो, असा क्रम आम्ही ठेवला. फोटो आधी काढलेत तर त्या दिवशी दुसरे काहीही होणार नाही.

दुसरी गोष्ट मला उशिरा उमगली. "हे टाकायचे का?" असा प्रश्न मी विचारत होते आणि प्रत्येक वेळी "नको" हेच उत्तर येत होते. ज्या पिढीने एकेक भांडे पैसे साठवून घेतले, त्या पिढीला टाकणे हा शब्दच सहन होत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. मग मी "हे कोणाला द्यायचे?" असे विचारू लागले. त्या दिवसापासून आई विचार करून नावे सांगू लागली. मोठी परात शेजारच्या खानावळवाल्या वहिनींना, पाट गल्लीतल्या गणेश मंडळाला, ओगराळे धाकट्या मावशीच्या सुनेला, कारण "तिच्याकडे पंगत उठते." कोणती वस्तू कुठे शोभेल हे तिला माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले ठाऊक होते.

भांड्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट जरूर करा. त्या काळी भांड्यांवर नावे घालून घेत असत, ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे, "चि. सौ. कां." पासून तारखेपर्यंत. माझ्या आईने चष्मा लावून एकेक भांडे खिडकीकडे तिरके धरले, अंगठ्याने त्यावरची काळी राप पुसली आणि नाव वाचले. मी शेजारी बसून वहीत लिहीत होते : कोणी दिले, कोणत्या लग्नात, ती व्यक्ती आमची कोण. एका गडव्यावर तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचे नाव निघाले, आणि ती मैत्रीण मीठ-भाकरी कशी खात असे इथपासून तिच्या सासरच्या गावापर्यंतची सगळी हकीकत मी त्या दुपारी प्रथमच ऐकली. एकसष्ट भांडी वाचायला चार दुपारी लागल्या. त्यांतली नऊ तिने ठेवली आणि बाकीची स्वतःच्या हाताने दिली. मला असे वाटते की तिला भांडी ठेवायची नव्हती, नावे ठेवायची होती, आणि ती वहीत आल्यावर भांड्यावरचा तिचा हात सैल झाला.

ज्याबद्दल निर्णय होत नाही अशा वस्तूंसाठी एक खोके बाजूला ठेवा, पण ते एकच असू द्या. आणि सासूबाई घरात नसताना एक चमचाही हलवू नका.

पेठेतला

मी पुण्यात भांड्यांच्या व्यवसायात अनेक वर्षे आहे, म्हणून फक्त धातूंविषयी लिहितो.

जुनी भांडी मोडीत देण्यापूर्वी पितळ, तांबे आणि कासे वेगवेगळे करा. तांबे लालसर असते हे सर्वांना कळते, पण पितळ आणि कासे यांत बहुतेकांची गल्लत होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. काशाचे भांडे बोटांवर तोलून धरून हलकेच टिचकी मारली तर घंटेसारखा नाद निघून बराच वेळ टिकतो, पितळेचा आवाज लवकर विरतो. काशाची मोड पितळेपेक्षा महाग असते आणि ती पितळेत मिसळून दिली तर नुकसान तुमचेच होते. तळपायाला तूप चोळायची वाटी घरात असेल तर ती बहुधा काशाची असेल, आणि ती मोडीत देऊच नये, इतके माझे प्रामाणिक मत आहे. घरच्या काट्यावर आधी वजन करून कागदावर लिहून ठेवा आणि मगच दुकानात जा.

जी पातेली वापरायची आहेत त्यांना कल्हई करून घ्या. कल्हई म्हणजे तापलेल्या भांड्याला आतून नवसागराच्या साहाय्याने कथलाचा पातळ थर देणे. तो थर नसेल तर चिंच, ताक, कोकम असे आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतात. हे काम करणारे कारागीर कमी झाले आहेत, पण पुण्याच्या तांबट आळीत तांब्या-पितळेचे काम आजही चालते.

बंब शाबूत असेल तर वजनावर देण्याची घाई करू नका. जुन्या घरांतून पाहुण्यांची सोय करणारे लोक असे बंब आणि घंगाळी चांगल्या स्थितीत शोधत असतात. पुण्याला येणे झाले तर सासूबाईंना राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य दाखवा. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे किती आदराने मांडल्या आहेत, हे पाहून त्यांना आनंद होईल.

नाशिककर

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझी कळकळीची विनंती आहे की सासऱ्यांच्या फायली कृपया गठ्ठ्याने रद्दीत देऊ नयेत, एकेक कागद उलटून पाहावा. जुन्या फायलींत कागदी शेअर प्रमाणपत्रे, टपाल खात्याची बचतपत्रे आणि विसरलेल्या मुदतठेवींच्या पावत्या सापडतात. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांचे कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून त्याच स्वरूपात विकता येत नाहीत, परंतु वारसांच्या नावे करून ते डिमॅट (म्हणजे कागदाविना, संगणकीय) खात्यात घेता येतात. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, तिथूनही वारसांना मागणी करता येते. दहा वर्षे हात न लागलेल्या बँक ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले असून त्यावर सासऱ्यांचे नाव घालून पाहावे.

खरेदीखत, सात-बारा, फेरफार, मृत्यूचा दाखला हे जपावे. विजेची व दूरध्वनीची जुनी बिले फाडून रद्दीत द्यावीत. मोडी लिपीतला एखादा कागद किंवा हस्तलिखित पोथी निघाली, तर तिची विल्हेवाट लावण्याआधी जाणकाराला दाखवावी. १९१० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे अशा कागदांचा मोठा संग्रह आहे. दिवाळी अंकांसाठी आधी जवळच्या ग्रंथालयात विचारावे, कारण त्यांना सुटे अंक नको असतात पण सलग वर्षांचे संच कधी कधी हवे असतात.

रेडिओ भंगारात न देता ई-कचरा म्हणून वेगळे द्यावेत. पाऱ्याचा तापमापक आणि मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात, ती ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत.

डोंबिवली पूर्व

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांत डबे, बाटल्या आणि वायरी गेल्या, आणि सासूबाईंनी त्यात एकदाही हरकत घेतली नाही. लुगडी आणि ब्लाऊजपीस यांचे काय करावे? बोहारीण येते, परंतु लुगड्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली घेतली तर घरात पुन्हा भांडेच येणार.

मिरजेची लेक

बोहारणीला देण्याआधी जरीचे काठ नीट पाहा. जुन्या शालूंत व पैठण्यांत खऱ्या चांदीची जर असे, आणि ती जर घेणारे व्यापारी वेगळे असतात. सुती लुगडी मऊ झालेली असतील तर त्यांच्या गोधड्या शिवून घ्या. आम्ही पाच लुगड्यांच्या दोन गोधड्या गावाकडच्या बाईंकडून शिवून घेतल्या, हातटाक्याच्या, आणि आता त्या नातवंडांच्या अंगावर रोज असतात. गोधडीला आतून थर लागतात, त्यामुळे विरलेले लुगडेही वाया जात नाही.

ब्लाऊजपीस ओटीतले आहेत, त्यामुळे ते कोणाला तरी दिल्याने त्यांचा मान कमी होत नाही. चांगले खण वेगळे काढा आणि उरलेले शिवणकाम शिकवणाऱ्या वर्गाला द्या. शिकणाऱ्या मुलींना बेतण्यासाठी कोरे कापड सतत लागते आणि ते विकत घेणे त्यांना जड जाते.

डोंबिवली पूर्व

आज दुपारी सासूबाईंनी स्वतःच ट्रंक उघडायला सांगितली. अकरा लुगडी निघाली. त्यांतले हिरवे इरकल त्यांनी मांडीवर घेऊन पदर उलगडला, बराच वेळ पाहिला आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे तू ठेव, याची गोधडी करू नकोस." बाकीची दहा त्यांनी मोजून, नातवंडांची नावे घेत, वेगळी लावली. रविवारी भांडी खाली काढणार आहोत. दोनशे पानी वही आणून ठेवली आहे, आणि पहिल्या पानावर मी त्या तांब्याची नोंद केली आहे : सासूबाईंच्या आईचे नाव, गाव आणि लग्नाचे साल, त्यांनी सांगितले तसे.