मातेय्कोचा स्टांचिक: याला रिअलिस्टिक पोर्ट्रेट म्हणायचं का?

खडूस प्रेक्षक:
पोलिश चित्रकार यान मातेय्कोचं 1862 चं ऑइल पेंटिंग, वॉर्सोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लाल कपड्यातला दरबारी विदूषक स्टांचिक खुर्चीत खचून बसलाय, टेबलावर स्मोलेन्स्क शहर हातचं गेल्याचं पत्र, आणि पलीकडच्या दालनात पोलंडच्या राणी बोनाची पार्टी जोरात. जो तो म्हणतो काय रिअलिझम, काय रिअलिझम! अरे पण मॉस्कोने स्मोलेन्स्क घेतलं 1514 ला आणि बोना लग्न होऊन पोलंडात आली 1518 ला. म्हणजे अशी पार्टी होणंच शक्य नाही. वर चेहरा चित्रकाराने स्वतःचाच चिकटवलाय. मला तरी हे झकास नाटक वाटतं, व्यक्तिचित्र नाही.

टर्पेंटाइन:
तारखा कसल्या काढताय, हात बघा ना राव. बोटं एकमेकांत अडकवलीत पण आवळलेली नाहीत, तेवढंही त्राण उरलेलं नाही, पायाखालचा गालिचा सरकून चुरगळलाय आणि विदूषकाची ती काठी खाली पडलीये ती उचलायचं भानही नाही त्याला. हे समोर बसवून निरखल्याशिवाय जमत नाही, मग समोर आरसा असला म्हणून काय बिघडलं?

खडूस प्रेक्षक:
निरखणं मान्य. पण मग खिडकीबाहेर धूमकेतू कशाला? पत्र आहे, पडलेला चेहरा आहे, तरी वरून अपशकुन. बघणाऱ्याला काहीच कळत नाही असं समजतो की काय हा माणूस?

उशिरा आलेली:
दोघंही 1862 विसरताय. तेव्हा नकाशावर पोलंडच नव्हता, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने कधीच वाटून खाल्लेला. मातेय्को क्राकोवचा, म्हणजे ऑस्ट्रियाच्या अमलाखाली, आणि पुढच्याच जानेवारीत रशियाच्या ताब्यातल्या भागात रशियाविरुद्ध उठाव झाला. ज्यांचा देशच गेलाय त्यांना बोना कोणत्या साली आली याच्याशी काय घेणंदेणं? देश बुडताना नाचणारे कोण आणि कळलेला एकटा कोण, एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि 24 वर्षांच्या पोराने स्वतःच्या चेहऱ्यावर एवढं म्हातारपण आणलंय, त्याला चिकटवलाय म्हणणं जरा जास्तच होतंय हां.

टर्पेंटाइन:
+1. आणि उजवीकडे ल्यूट (एक तंतुवाद्य) घेऊन पार्टीत निघालेला तो ठेंगू माणूस बघा, तोही दरबारात करमणूकच करणारा. एकाच धंद्यातले दोघं, एक कामावर चाललाय आणि एकाने काम टाकलंय. धूमकेतू काढून टाका हवं तर, चित्राचं काही अडत नाही.

खडूस प्रेक्षक:
हेच तर म्हणतोय, काढला तरी अडत नाही म्हणजे तो फालतू आहे! आणि उशिराताई, तुमचा मुद्दा धरला तर हे राजकीय चित्र झालं, पोर्ट्रेट कुठे राहिलं?

उशिरा आलेली:
चित्र एकाच वेळी दोन्ही असू नये असा नियम कोणी केलाय?