मदत हवी आहे: टॅरोमधला ‘हर्मिट’ लेगोत कसा उभा करू?
नमस्कार मंडळी. १९०९ च्या रायडर-वेट टॅरो संचातलं (टॅरो म्हणजे भविष्य पाहायचे चित्रांचे पत्ते) पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेलं ‘द हर्मिट’ (एकांतवासी साधू) हे पान मला लेगोत करायचंय. मिनिफिगर (लेगोचा तयार छोटा माणूस) नको, सुट्या विटांचीच वीतभर उंच मूर्ती. बर्फाचं शिखर आणि काठी जमली. अडलंय ते उजव्या हातापाशी. कंदील पुढे धरला की खांद्याचा बॉल जॉइंट (सगळीकडे फिरणारा गोळीचा सांधा) सैल पडून हात हळूहळू खाली येतो. क्लिक हिंज (टप्प्याटप्प्याने अडकणारी बिजागरी) लावला तर हात टिकतो, पण हा हिंज करड्या झग्याबाहेर डोकावतो. कशाने झाकू? शिवाय कंदिलात सहा टोकांचा तारा आहे. पारदर्शक पिवळ्या तुकड्यांत इतका लहान तारा कुणी केलाय का? मान मात्र झुकलेलीच हवी, सगळा भाव तिच्यात आहे. फोटो किंवा पार्ट नंबर दिलेत तर फार मदत होईल.