'वयस्क बेघर' म्हणजे नेमके किती वयाचे?

पायवाट:
बेघरांच्या निवाऱ्यातल्या नोंदींचा तक्ता हिंदीतून मराठीत करतेय. वयाचे रकाने तीन: बच्चे, वयस्क, वृद्ध. सोबतच्याने वयस्क तसंच ठेवलं आणि वाचणाऱ्यांनी साठीपुढचे धरले, म्हणजे निवाऱ्यात सगळी म्हातारी माणसंच असं झालं. खरं तर त्या रकान्यात बहुतेक कमावत्या वयाचे आहेत, नाक्यावरचे मजूर, केटरिंगवाले, कचरा वेचणारे. प्रौढ लिहू का? पण प्रौढ म्हटलं की एकोणीस वर्षांचा पोरगा डोळ्यांसमोर येत नाही.

मोडीवाला:
वयस्क म्हणजे मुळात नुसतं वय असलेला, समवयस्क बघा. म्हातारा हा अर्थ आपण मराठीत चिकटवलाय. आणि आधी ते बेघर बदला, बे फारसी आहे, गृहहीन लिहा किंवा अनिकेत.

खानदेशी:
फुटपाथवर झोपणाऱ्याला अनिकेत कोण म्हणतं हो? बेघर सगळ्यांना कळतं, राहू द्या. जिवंत माणसाला बेवारस लिहितात ते आधी थांबवायला हवं, त्याचा खरंच राग येतो.

सातबारा:
कायद्यात सज्ञान, 18 पूर्ण. जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर अ.पा.क. असतं ना, अज्ञान पालन कर्ता, त्यातला अज्ञान म्हणजे 18 च्या आतला. सज्ञान लिहा, वाद मिटला.

माणदेशी:
मिटला कसा, वय कळायला तर हवं. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री फुटपाथ, फलाट, पुलाखाली मोजणी झाली, देशभरात 17 लाखांवर बेघर भरले. त्यातल्या कितीजणांना जन्मसाल सांगता आलं असेल? आमच्याकडे एक बाई म्हणाल्या भूकंप झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. लिहिणाऱ्याने किल्लारी धरून 1993 च्या आसपासचं साल टाकलं, बाई निघाल्या पाटणकडच्या, म्हणजे कोयनेचा, 1967. सव्वीस वर्षांचा फरक! चेहऱ्यावरून ओळखावं तर रस्त्यावर तिशीची बाईसुद्धा थोराड होऊन पन्नाशीची दिसते. आणि श्रावणबाळ योजनेला 65 पूर्ण लागतात, वयाचा दाखला लागतो, तो कुठून आणणार? आधारवर अंदाजे वय घातलेल्या कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जानेवारी असतो तो यामुळेच.

मोडीवाला:
थोराड इथे चूक. थोराड म्हणजे हाडापेराने मोठा, वयाच्या मानाने दांडगा. उपाशी माणूस थोराड कसा होईल?

माणदेशी:
आमच्याकडे वयापेक्षा मोठी दिसणाऱ्या कुणालाही थोराड म्हणतात, अंगाने असो की चेहऱ्याने.

पायवाट:
निवाऱ्यातल्या मावशी स्वतःला 'पिचलेली' म्हणतात. पण तक्त्यात काय लिहू ते सांगा ना, सज्ञानमध्ये सत्तरीचे आजोबापण येतात.

खानदेशी:
पिचणं कष्टाने, खंगणं आजाराने, असं माझी आजी म्हणायची.

मोडीवाला:
पिचणं बांबूचं असतं. माणसाला ते नंतर लागलं.

खानदेशी:
नंतर म्हणजे कधी? आजीला तर तेवढंच माहीत होतं.