टीम लीडचं वागणं खटकतंय, मित्र म्हणतात "मजा आहे तुझी"

भटक्या_पुणे:
नमस्कार मंडळी. हिंजवडीत आयटीत आहे, लग्न झालंय. आमची टीम लीड माझ्यापेक्षा मोठी, कामात हुशार आहे. पण डेस्कपाशी आली की खांद्यावर हात ठेवून उभी राहते, रात्री अकरानंतर "झोपलास का" असे मेसेज, डीपी बदलला की कमेंट, आणि मी रिप्लाय नाही दिला की दुसऱ्या दिवशी स्टँडअपला (रोजची छोटी टीम मीटिंग) सगळ्यांसमोर माझ्याच टास्कमध्ये खोट काढणार. अप्रेझल तिच्याच हातात. मित्र म्हणतात मजा आहे तुझी, आम्हाला कोणी विचारत पण नाही. मला अजिबात मजा वाटत नाहीये, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. बाकी पुरुषांना असा अनुभव आलाय का? तक्रार कुठे करतात?

कृष्णाकाठ:
आलाय भाऊ, आधीच्या नोकरीत. ती अंगाने काही करेल याची भीती नव्हती, भीती ही की मी तोंड उघडलं आणि तिने उलटं सांगितलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार. ती लिफ्टमध्ये दिसली की मी जिन्याने जायचो. आणि नको म्हटलं की लोक बाईबद्दल बोलतच नाहीत, याच्यातच काहीतरी कमी आहे म्हणतात, ते जास्त लागतं.

मुक्ता_ठाणे:
मी आमच्या ऑफिसच्या अंतर्गत समितीवर (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी) आहे म्हणून स्पष्ट सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा पॉश कायदा फक्त महिलांना तक्रारीचा हक्क देतो, भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाचं कलम 75 पण आरोपी पुरुष असेल तरच लागतं. म्हणजे त्या वाटेने तुम्हाला जाता येणार नाही, आणि हे मला स्वतःला पटत नाही. पण बऱ्याच कंपन्यांची स्वतःची पॉलिसी सगळ्यांसाठी असते, ती आधी वाचा. नसेल तर कोड ऑफ कंडक्टखाली एचआरला लेखी मेल करा. त्याआधी तिला एकच मेसेज टाका, "कामाशिवाय मेसेज नकोत, हात लावलेलं मला आवडत नाही". स्क्रीनशॉट, तारखा सगळं जपून ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको.

साधा_माणूस:
बायकांना हे रोज सोसावं लागतं, रस्त्यावर, बसमध्ये. त्यांच्यासाठीचा कायदा हवाच. प्लीज या धाग्यावर "आता बायका बघा कशा" सुरू करू नका.

मुक्ता_ठाणे:
अगदी बरोबर, आणि म्हणूनच याचं पण ऐकून घ्यायला हवं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) लैंगिक छळाबद्दलच्या 2015 च्या नियमांत कॉलेजातल्या मुलांचा पण विचार केलाय, पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, तर 18 च्या आतल्या मुलगा-मुलगी दोघांना लागू आहे. नोकरी करणारा पुरुषच तेवढा मधे राहिलाय.

कृष्णाकाठ:
आणि भटक्या, बायकोला आजच सांग. मी लपवलं नव्हतं, माझ्या बायकोनेच मेसेज वाचून तारखा लिहून काढल्या.

भटक्या_पुणे:
पॉलिसी उघडली आत्ता, "कोणताही कर्मचारी" असंच लिहिलंय. मेल ड्राफ्ट करतोय. बायको उठली की तिला दाखवतो, मग पाठवतो.