आरोग्य विमा: पॉलिसी घेताना काय पाहिलं, दवाखान्यात काय कळलं? आपापले अनुभव लिहा

२०२२च्या पावसाळ्यात बाबा अंगणात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शनिवारची रात्र होती. त्यांची तीन लाखांची पॉलिसी अकरा वर्षं चालू होती, एकदाही वापरली नव्हती, म्हणून दवाखान्यात शिरताना मनात पैशांची धास्ती नव्हती. आईला रात्री सोबत राहता यावं म्हणून आम्हीच वेगळी खोली मागितली. भाडं रोज ६,०००. पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० होतं, एवढं मला माहीत होतं. वाटलं, पाच दिवसांचे वरचे १५,००० आपण भरू.

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर ८५,००० मागितले. बिल २,३०,०००चं, कंपनीने मंजूर केले १,४५,०००. तिथे उभ्या उभ्या जे समजलं ते हे: खोलीचा वर्ग चढला की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिटा या सगळ्यांचे दर चढतात. म्हणून खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली तर हे खर्चही कंपनी निम्मेच देते. आमचे असे १,४०,००० होते, त्यातले ७०,००० गेले. खोलीचे १५,००० गेले. औषधं आणि हाडात बसवलेला रॉड यांचे ६०,००० मात्र पूर्ण मिळाले, त्यांना ही कपात लागत नाही.

चूक दवाखान्याची नव्हती, कंपनीचीही नव्हती. कलम छापलेलं होतं. अकरा वर्षांत आमच्या घरात ते कुणी वाचलं नव्हतं आणि याचं मला आजही फार वाईट वाटतं, कारण ते पैसे आईने शिवणकामातून साठवले होते.

आता आईसाठी (वय ५८) आणि माझ्यासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यायची आहे. आपल्या सोलापुरातल्या लोकांनी काय घेतलं, का घेतलं, क्लेमच्या वेळी काय झालं, ते सविस्तर लिहा. कुठल्या कंपनीचं किंवा दवाखान्याचं नाव घेऊन तक्रार नको, अनुभव हवा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल कारखान्यात मुनीम

ताई, माझा अनुभव चांगला आहे म्हणून आधी लिहितो. बावीस वर्षं ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) होतं, पगारातून कापून जायचं, घरच्यांची औषधं त्यावरच. पगार २१,०००च्या वर गेला आणि पुढे ईएसआय बंद झालं. तोवर विमा स्वतः विकत घ्यायचा असतो हेच डोक्यात नव्हतं. मोठ्या पॉलिसीचा हप्ता झेपणारा नव्हता. मग 'आरोग्य संजीवनी' घेतली. ही २०२०पासून आहे, विमा नियामकाने ठरवून दिलेली. कुठल्याही कंपनीची घेतली तरी अटी त्याच, फरक फक्त हप्त्यात. त्यामुळे माझ्यासारख्याला तुलना करणं सोपं गेलं. पाच लाखांची आहे. खोलीभाड्याला रोज ५,०००ची मर्यादा, आयसीयूला १०,०००ची, आणि प्रत्येक क्लेममध्ये पाच टक्के आपले.

मोतीबिंदूला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, हे एजंटने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बायकोला एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं तेव्हा दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरांना विचारलं, थांबलं तर चालेल का? ते म्हणाले, चालेल. सात महिने थांबलो. ३२,०००चं ऑपरेशन झालं, आम्ही १,६०० भरले. एका डोळ्याला ४०,०००पर्यंतच मिळतात, म्हणून भारीतली लेन्स घ्यायच्या आधी आकडा विचारून घ्यावा.

दक्षिण सोलापूर तालुका, प्राथमिक शिक्षिका

हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

मिस्टरांची पॉलिसी नात्यातल्याच एका मुलाकडून घेतली होती. फॉर्म त्याने भरला. बीपीची गोळी चालू आहे हे मिस्टरांनी त्याला सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं. तो म्हणाला, 'दाजी, कशाला लिहायचं ते, रोजची साधी गोळी, उगा हप्ता वाढंल.' यांनी सही केली. तिसऱ्या वर्षी छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी करावी लागली. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, बीपी किती वर्षं? यांनी खरं ते सांगितलं, सहा वर्षं. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. कंपनीने तो कागद मागवला, तारखा जुळवल्या, क्लेम नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. २,८०,००० उभे करायला माझ्या पाटल्या गहाण पडल्या.

आम्ही भांडलो, पण फॉर्मवर सही यांची होती. एजंटाशी काय बोलणं झालं याचा पुरावा कुठून आणणार? बीपी लिहिला असता तर फार तर हप्ता थोडा वाढला असता आणि त्या आजाराला काही वर्षं थांबावं लागलं असतं. आता यांना नवीन पॉलिसी द्यायला दोन कंपन्यांनी नकार दिला आहे. फॉर्म दुसऱ्याच्या हाताने भरू नका एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

एका दवाखान्यात विमा विभागात काम

वरच्या बाईंसारखे पेशंट आठवड्याला एक तरी बघते. अक्कलकोट, तुळजापूर, इंडीकडून माणसं येतात, हातात कार्ड असतं, कार्डावर रकमेचा आकडा असतो. त्या आकड्यावर विसंबून येतात. मी विचारते, पॉलिसीची पूर्ण प्रत आहे का? शंभरात पाचांकडेही नसते. ती मोबाइलमध्ये ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर दोन-तीन दिवस आधी आमच्याकडे या. अचानक दाखल व्हावं लागलं तर चोवीस तासांत कंपनीला कळवायचंच. २०२४च्या नियमाप्रमाणे कॅशलेसच्या (म्हणजे बिल कंपनी थेट दवाखान्याला भरते) पहिल्या अर्जावर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. उशीर होतो तो बहुतेकदा कागदांमुळे: आधारवर एक नाव, पॉलिसीवर दुसरं, जन्मतारीख वेगळी. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड आडनावांची स्पेलिंगं तर हमखास चुकतात. पॉलिसी हातात आली की त्याच दिवशी नाव तपासा. पहिले ३० दिवस पॉलिसी परत करायचीही मुभा असते, त्या दिवसांत ती वाचून काढा.

अजून एक. हातमोजे, मास्क, डायपर असल्या वस्तूंचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. आयसीयूत आठ दिवस काढले तर तेवढ्यानेच बिल बरंच फुगतं. थोडा जास्त हप्ता भरून हे जोडून घेता येतं, घरात वयस्कर माणूस असेल तर घ्याच.

मूळचा विजापूर रोड, सध्या पुण्यात नोकरी

फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक पॉलिसी) की प्रत्येकाची वेगळी, यावर लिहितो, कारण मी दोन्हींत पोळलो आहे.

आधी आई, बाबा, मी आणि बायको कंपनीच्या ग्रुप विम्यात होतो. पाच लाख, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. २०२३ मध्ये माझी नोकरी गेली आणि त्याबरोबर विमाही. बाबा तेव्हा ६६ वर्षांचे, बायपास झालेली. ग्रुप विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि तिथे काढलेली वर्षं वेटिंगमध्ये (जुन्या आजाराला पैसे मिळेपर्यंत थांबायच्या काळात) धरली जातात, हे मला चार महिन्यांनी कळलं. तोवर वेळ गेली होती. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाला मी हे आता सांगत सुटतो.

घाईत चौघांची एक फ्लोटर घ्यायला निघालो. हप्ता ऐकून थबकलो, कारण फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर लागतो. आमच्या तिशीतल्या जोडप्याला बाबांच्या वयाचा भार. शिवाय रक्कम सगळ्यांत मिळून एक. माझ्या चुलत्यांकडे असंच झालं: काकांच्या किडनीवर पाचातले साडेचार लाख संपले, त्याच वर्षी काकूंचं पित्ताशय काढावं लागलं, ते बरंचसं खिशातून. 'रकमेची पुनर्भरणी', म्हणजे संपलेली रक्कम त्याच वर्षी पुन्हा मिळणं, आहे असं त्यांना सांगितलेलं; ती किती वेळा होते, त्याच आजाराला चालते का, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं असतं. त्यांच्या पॉलिसीत रक्कम पूर्ण संपल्याशिवाय ती सुरूच होत नव्हती.

शेवटी आईची वेगळी घेतली, दहा लाखांची, खोलीभाड्याला मर्यादा नसलेली. आम्हा दोघांची फ्लोटर. बाबांना तेव्हा कुणी घेईना. एप्रिल २०२४पासून ६५ वर्षांची प्रवेशमर्यादा गेली, तरी आजार बघून नाही म्हणायचा अधिकार कंपनीला आहेच. खूप फिरल्यावर एक मिळाली: प्रत्येक क्लेममध्ये वीस टक्के आमचे आणि हृदयाच्या जुन्या आजाराला तीन वर्षं वेटिंग. आधी हे वेटिंग चार वर्षांपर्यंत असायचं, आता तीनच्या वर ठेवता येत नाही. वीस टक्क्यांसाठी दर महिन्याला वेगळे पैसे बाजूला टाकतो.

जुळे सोलापूर

आजी ७६ वर्षांची, तिला कुठलीही कंपनी घेत नव्हती. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधारवर होतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार. योजनेतल्या दवाखान्यांतच चालतं, म्हणून घराजवळचा कुठला यादीत आहे हे कार्ड काढलं त्याच दिवशी बघून ठेवलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचीही चौकशी करा, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे. बाजारातली पॉलिसी घ्यायच्या आधी घरात कुणाला काय लागू होतं ते बघावं, असं माझं मत.

चाटी गल्ली, कापड व्यापार

पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर पंधरा लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे पाच लाखांच्या वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी. वीस लाखांच्या एका पॉलिसीपेक्षा स्वस्त पडलं. मात्र 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' वेगळे. साध्या टॉप-अपमध्ये एकाच आजारपणाचं बिल पाच लाखांच्या वर जावं लागतं, सुपरमध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात. डायलिसिससारख्या सतत चालणाऱ्या उपचाराला सुपरच कामाचा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेव्हा जुना हप्ता ऐकून थांबला असाल तर पुन्हा विचारा.

होटगी रोड, निवृत्त बँक कर्मचारी

शिक्षिका बाईंचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्या बाबतीत नाही, पण नाकारलेला प्रत्येक क्लेम तिथेच सोडू नये म्हणून माझं सांगतो. मुलाला डेंगी झाला, चार दिवस दाखल. कंपनीने लिहिलं, हे घरी बरं झालं असतं, दाखल व्हायची गरज नव्हती. डॉक्टरांकडून पत्र घेतलं, रोज घटत गेलेल्या प्लेटलेटचे आकडे जोडले आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पाठवलं. महिनाभर उत्तर नाही. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे जातात. निकाल माझ्या बाजूने लागला, पैसे मिळाले. फोनवर बोललेलं काही टिकत नाही, सगळं लिहून मागा आणि लिहूनच द्या.

आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून हप्ता चुकवून खंड पाडू नका. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधीच अर्ज करा, म्हणजे ती वर्षं बरोबर येतात.

धागाकर्ती

सगळं दोनदा वाचलं. आईसाठी दहा लाखांची वेगळी पॉलिसी पाहिली आहे, खोलीभाड्याची मर्यादा नाही, वस्तूंचा खर्च जोडून. बाई, तुमचं लिहिणं वाचल्यावर काल रात्री आईला समोर बसवून फॉर्म मी स्वतः भरला. थायरॉइडची गोळी लिहिली. मग तिला सहज विचारलं, अजून काही? ती म्हणाली, २००९ मध्ये गर्भपिशवी काढली होती. मला हे माहीतच नव्हतं, तेव्हा मी दहावीला होते आणि मला मामाकडे पाठवलं होतं. एजंटकाका म्हणाले, फार जुनं आहे, सोडून द्या. लिहिलं. ट्रंकेत तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड सापडलं, त्याचीही झेरॉक्स जोडली.