संध्याकाळी सहा ते नऊ: मुलं वाढवताना डोकं ठिकाणावर कसं ठेवता? (अनुभव धागा)

कढीलिंब:
आमच्याकडे एक साडेतीन वर्षांचा आणि एक दुसरीतली. सकाळ कशीतरी निघून जाते, सगळ्यांनाच घाई असते त्यामुळे भांडायला कुणाला वेळ नसतो. खरा खेळ संध्याकाळी सहाला सुरू होतो. मी ऑफिसातून येऊन चपला काढतेय तोवर एकाला शी आलेली असते, दुसरीला तेव्हाच आठवतं की उद्या शाळेत पाच प्रकारची पानं न्यायचीयत, कुकर लावायचा असतो आणि नवरा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. नऊ वाजेपर्यंत माझा आवाज मलाच ओळखू येत नाही.

नेटवर शोधलं तर दीर्घ श्वास घ्या, स्वतःसाठी वेळ काढा. अहो कुठून काढू, पिशवीतून? म्हणून धागा काढतेय. सल्ले नकोत, 'पेशन्स ठेव' तर अजिबात नको. तुमच्या घरात तुम्ही नेमकं काय केलं आणि त्याने काय हलकं झालं तेवढं लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

माझ्यापुरतं सांगते. मी संध्याकाळचा स्वयंपाकच बंद केला. पोळ्यांना मावशी लावल्या, भाजी सकाळी दोन्ही वेळची, रात्री फक्त भात. आणि साडेसहाला आम्ही तिघं सोसायटीत खाली, ती दोघं घसरगुंडीवर आणि मी बाकावर नुसती बसते, फोनही नाही बघत. सासूबाईंना वाटतं मी आळशी झालेय. झालेय. पण माझं आता मत झालंय की माझ्या चिडचिडीतली निम्मी तरी स्वयंपाकघरातून येत होती, मुलांकडून नाही.

गोदाकाठ:
आम्ही नाशिकचे. पहिलं बाळंतपण माहेरी, सगळं साग्रसंगीत, मालीशवाल्या मावशी, शेकशेगडी, अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खोलीत ओव्याची धुरी. फक्त बाळ रोज संध्याकाळी सातला जे रडायला लागायचं ते दहापर्यंत. आणि घरात प्रत्येकाकडे कारण तयार. आई म्हणे पोटात वारा धरलाय, हिंग लाव. मालीशवाल्या म्हणायच्या दृष्ट लागलीय. आत्या म्हणे तूच काहीतरी वातूळ खाल्लं असशील. कारण कुठलंही असो, गुन्हेगार मीच!

डॉक्टरांनी वजन केलं, तपासलं आणि म्हणाले याला कॉलिक म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपलं आपण जातं, बाळ नीट दूध पितंय वाढतंय तर घाबरू नका. औषध दिलं नाही. आईला ते आवडलं नाही, फी घेतली आणि औषध नाही म्हणजे काय. मला मात्र तेवढ्यानेच निम्मं बरं वाटलं, कारण याला शेवट आहे हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. अजून एक म्हणाले, अगदीच सहन होईना झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवायचं, दार लोटून घ्यायचं आणि पाच-दहा मिनिटं बाहेर जायचं. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही, पण रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मी गच्चीत जाऊन उभी राहायचे. खाली आजी पुटपुटत असायची, असू दे.

दुसऱ्या वेळी बाळ शांत होतं आणि रडत होते मी. पहिले काही दिवस तसं बऱ्याच जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं म्हणतात, माझं ओसरेना. गायनॅककडे दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, एडिनबर्ग स्केल म्हणतात त्याला, आणि पुढे औषध आणि काउन्सेलिंग दोन्ही झालं. ज्यांचं ओसरत नाहीये त्यांनी हिंग-मोहरीच्या आधी तो कागद भरा एवढंच म्हणेन (हा सल्ला झाला, सॉरी कढीलिंब).

पळसपान:
दृष्टीला +१. आमच्याकडे एवढ्या मीठमोहऱ्या ओवाळल्या की फोडणीला मोहरी उरली नव्हती.

कढीलिंब:
हसून हसून पुरेवाट. गोदाकाठ, तो सल्ला चालेल.

रात्रपाळीचा_बाबा:
इथे सगळ्या आयाच दिसतायत म्हणून लिहितो. आम्ही डोंबिवलीला, बायको नर्स आहे, तीन पाळ्या फिरत्या. तिची नाईट असली की संध्याकाळपासून सकाळपर्यंत मुलगी आणि मी. लोक म्हणतात वा, बायकोला मदत करतोस. मदत नाही हो, माझीच मुलगी आहे ती.

२०१७ ला मातृत्व रजा १२ वरून २६ आठवडे झाली, चांगलंच झालं, पण खाजगी नोकरीत बापाला रजा द्यायलाच हवी असा कायदा नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, मी मुलगी झाली तेव्हा साठलेली रजा टाकली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं असंही कायद्यात आहे. आमच्या कंपनीने एका खोलीत चटई आणि प्लास्टिकचा हत्ती ठेवलाय, तिथे लोक फोनवर बोलायला जातात.

आमच्या घरातला सगळ्यात मोठा ताण म्हणजे फोन. ती ड्यूटीवर, मी विचारणार औषध दिलं होतंस का, ती पेशंट सोडून उत्तर देणार नाहीतर देणारच नाही, मग मी चिडणार, मग ती घरी आल्यावर उजळणी. शेवटी तीच म्हणाली की वॉर्डात पाळी बदलताना आम्ही हँडओव्हर देतो तसं घरी करू. फ्रिजला दोरीने वही बांधली. काय खाल्लं, ताप किती, औषध किती वाजता, कशावरून रडली, शाळेतून काय निरोप. जाणारा लिहून जातो, येणारा वाचून घेतो, प्रश्न विचारायचे नाहीत. आमची निम्मी भांडणं त्या वहीने संपवली. उरलेली निम्मी माझ्या आईवरून असतात, त्याला वही नाही.

कढीलिंब:
वही आजच आणतेय.

सांगलीची_आजी:
एका बोटाने टाइप करते आहे, चुका समजून घ्या. तुम्ही सगळे आईबापांचं लिहिता, आजीचंही लिहावं म्हटलं. मुलगा-सून पुण्यात नोकरीला, नातीला पाळणाघरात ठेवायचं नव्हतं म्हणून मी तिकडे राहिले. नात सोन्यासारखी आहे त्यात वाद नाही, पण गुडघे माझे आहेत. आठव्या मजल्यावर दिवसभर बोलायला कोणी नाही, माझं भजनी मंडळ सांगलीला, भिशी सांगलीला, आणि संध्याकाळी सून विचारणार आई आज किती वेळ मोबाइल दाखवलात. डॉक्टर सांगतात दोन वर्षांच्या आत अजिबात नको आणि पुढे पाचपर्यंत तासाभराच्या आत, मला माहीत आहे, मी वाचते. पण भरवताना मी गाणी लावते, लपवत नाही.

आणि आमच्या वेळी चार-चार मुलं वाढवली म्हणतात ते अर्धंच सांगतात. वाड्यात जावा होत्या, नणंदा होत्या, समोरच्या काकू होत्या. मूल कुणाच्या मांडीवर झोपलं हे आईला जेवणं आटपल्यावर कळायचं. एकट्या बाईने चार भिंतींत मूल वाढवायची रीत आमच्या वेळी नव्हतीच, तेव्हा सुनांना उगीच टोचू नये.

मी मुलाला सरळ सांगितलं, शनिवार-रविवार मला सुट्टी आणि महिन्यातून एकदा सांगली. मुलगा गप्प झाला, सून म्हणाली बरोबर आहे आई. आता शनिवारी मी दार लावून पेपर वाचते, नात बाहेरून थापा मारते, मी उठत नाही.

पळसपान:
आजी, साष्टांग दंडवत.

हरवलेला_डबा:
शाळेच्या वेळांबद्दल कोणीच लिहिलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका असा जीआर निघाला, मुलांची झोप व्हावी म्हणून. झाली झोप! माझं ऑफिस साडेआठला. आता दीड तासासाठी शेजारच्या काकूंकडे डबा, दप्तर आणि मुलगा असं पार्सल ठेवून पळते.

नेकार_काठ:
जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. इथे आजी नाही, मावशी नाही, समोरच्या काकू तर रविवारी आवाज नको म्हणून चिठ्ठी चिकटवतात. पहिल्या हिवाळ्यात मुलगा 'किटा'मध्ये (पाळणाघर-बालवाडी) जायला लागला आणि सारखा आजारी. दुपारी तिथून फोन आला की पोटात गोळा, ताप आलाय, घेऊन जा. एक वर्ष पूर्ण झालं की किटात जागा मिळणं हा २०१३ पासून इथे हक्क आहे, पण ती जागा मिळेस्तोवर फॉर्म भरून भरून हात दुखले.

पण ज्या गोष्टीने मी तरले ती सांगते. मूल आजारी पडलं म्हणून घ्यायची वेगळी रजा असते, सरकारी आरोग्य विमा असला तर २०२४-२५ मध्ये एका मुलामागे आईला १५ आणि बापाला १५ दिवस होते. बॉसला तोंड वेंगाडून विचारावं लागत नाही, डॉक्टरचा कागद पुरतो. आणि दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. थकलेल्या आईला मुलासकट तीन आठवडे 'कुअर'ला पाठवतात, समुद्रकाठी नाहीतर डोंगरात. डॉक्टर लिहून देतो, विमा कंपनीने मंजूर केलं की खर्च तीच करते, आपण दिवसाला दहा युरो भरायचे. मी गेले. पहिल्या दिवशी जेवण आयतं समोर आलं आणि मला रडू फुटलं, उकडलेले बटाटे होते नुसते! सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या अगं पण तुला झालंय काय? नवऱ्याने तिकडून ओरडून सांगितलं, काही झालं नाही, होऊ नये म्हणून गेलीय.

संत्रा_बर्फी:
मी नागपूरची. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता दहा वर्षांचा. नावाने हाक मारली की वळून बघायचा नाही, सगळे म्हणत मुलं उशिराच बोलतात, याचे बाबाही उशिरा बोलले. कढीलिंब, तुमचं टाइमटेबल बदलून तुम्हाला बरं वाटलं, आमच्याकडे टाइमटेबल हलकंसं जरी बदललं तरी दिवसच हातचा जातो. त्यामुळे ताण कमी करायचा म्हणजे पाहुणे कमी करणे. लग्नाला जातो, बँड सुरू व्हायच्या आत निघतो, आहेर आधीच देऊन ठेवते. ज्यांना राग येतो त्यांना येऊ दे.

'देव खास मुलं खास आईबापांनाच देतो' असं कुणी म्हणालं की मी म्हणते मग बुधवारची थेरपी तुम्ही घेऊन जा. खासपणा नको मला, दोन तास झोप हवी. ती मिळाली थेरपीच्या वेटिंग रूममधून. तिथल्याच एका आईशी ओळख झाली, आता एक रविवार दोन्ही मुलं तिच्याकडे, पुढचा माझ्याकडे. तिला मेल्टडाऊन (सगळं असह्य होऊन मुलाचा ताबा सुटतो तो) काय ते समजावून सांगावं लागत नाही, हे केवढं आहे ते तुम्हाला नाही कळायचं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि निरामय हा आरोग्य विमा पण काढून घ्या कुणाला लागत असेल तर, लाखापर्यंत मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

माळावरची:
आमचं हिंगोलीकडं गाव आहे. तुमचं सगळं लेकरं लहान असतानाचं आहे, माझी पोरगी आठवीत. गावात सातवीपर्यंतच शाळा, पुढं तालुक्याला. पोरींना सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस फुकट आहे म्हणून तर शिकते, नाहीतर घरचे बसवून ठेवले असते. पण गाडी फेल झाली, उशीर झाला, अंधार पडला की माझा जीव खालीवर. फोन तिच्याजवळ नाही, शाळेत चालत नाही. सासरे म्हणणार, म्हणत होतो ना.

आम्ही चौघीजणी बचत गटातल्या, चौघींच्या पोरी त्याच गाडीला. आता रोज दोघी फाट्यावर जातात, दोघी चौघींच्या घरची चूल बघतात. फाट्यावर बसून गप्पा होतात तेवढाच काय तो आराम. गाडी लवकर आली की आम्हालाच वाईट वाटतं खरं सांगू का.

बंद_दार:
मुलगा दहावीत. बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, क्लास आहे, टेस्ट सिरीज आहे, आणि घरात एक बंद दार आहे. मी दारावर टकटक केली की 'काय' एवढंच उत्तर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी सेव्ह केला होता त्याच्यासाठी, फोन शेवटी केला माझ्यासाठी, रात्री, बाथरूममधून. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी विचारलं की त्याच्याशी अभ्यास सोडून शेवटचं काय बोललात? मला आठवेना. आता त्याला आयपीएलबद्दल विचारते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला ते कळतं, आणि तो मुद्दाम चुकीची माहिती देऊन हसतो.

कढीलिंब:
वहीचा अहवाल. काल मला उशीर होणार होता म्हणून नवऱ्याला हँडओव्हर लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं: 'दोघं जिवंत. भात संपला. पानं चारच मिळाली.'

गोदाकाठ:
संत्रा_बर्फी, माझ्या भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे, तिला निरामय चालेल का? आणि अर्ज कुठे करायचा?

संत्रा_बर्फी:
हो, चालतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चारींसाठी आहे. नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेली संस्था जवळ असेल तर त्यांच्याकडूनच फॉर्म भरा, सोपं जातं, अपंगत्वाचा दाखला मात्र आधी काढून ठेवा. आणि दरवर्षी रिन्यू करायचं असतं.