गांडुळं मेली, सवलत जिवंत

कोथरूडकर: पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय केली की मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत मिळते. आमच्या सोसायटीनेही घेतली. परवा पार्किंगमागे डोकावलो, तर खताच्या टाकीत वाळकी पानं, वेफर्सची पाकिटं आणि एक तुटकी बादली. गांडुळं कधीच वारलीत. ओला कचरा रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या ढकलगाडीतूनच जातो. पैशाचं आमिष दाखवून पर्यावरण सुधारत नाही, माणसं फक्त कागद रंगवायला शिकतात.

आकडेबाज: सवलत टाकीवर दिली, टाकी मिळाली! खतावर दिली असती तर खत मिळालं असतं. सुरतेत २०१९ पासून कारखान्यांच्या धुराचा बाजार भरतो. धुराड्याला यंत्र लावलेलं, धूलिकणांची सतत नोंद, सगळ्यांची मिळून एक मर्यादा. कमी सोडणारा धूर सोडायचे उरलेले परवाने विकतो, जास्त सोडणारा विकत घेतो. योजनेतले आणि योजनेबाहेरचे कारखाने ताडून पाहिले, तर धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी भरले.

कोथरूडकर: धुराड्याला यंत्र लागेल हो. माझ्या डस्टबिनला कोण लावणार?

आकडेबाज: दक्षिण कोरियात लावलंय. बऱ्याच इमारतींत कार्ड टेकवलं की डब्याचं झाकण उघडतं, खरकट्याचं वजन होतं, बिल त्या घराच्या नावावर. आपल्याकडे महिन्याचं शुल्क ठरलेलं. पिशवी एक द्या नाहीतर चार. मग कमी कचरा करून मला काय मिळणार?

नदीकाठची: वजनावर पैसे लावा, दुसऱ्या दिवशी पुलावरून मुठा नदीत पिशव्या पडतील. आत्ता जादा पिशवीचे पैसे पडत नाहीत, तरी निर्माल्याच्या नावाखाली काय काय टाकतात ते रोज बघते. शिवाय काटा धरून दारोदार हुज्जत घालायची कुणी? त्या ताईंनीच ना? तुमच्या गणितात त्यांचा सकाळचा वेळ कुठे धरलाय?

आकडेबाज: पिशव्यांचा मुद्दा मान्य. दर फार चढा ठेवला की चोरून टाकणं परवडतं, म्हणून दर जपून ठरवावा लागतो. ताईंच्या वेळेचेही पैसे धरा, मी कुठे नाही म्हणतोय?

नदीकाठची: धरा म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे महिन्याचं शुल्क द्यायलाही लोक तीनदा बेल वाजवायला लावतात.

कोथरूडकर: ताजी बातमी. काल सोसायटीच्या सभेत टाकीचा विषय काढला. गांडुळं आणू म्हटलं, तर एक आजोबा म्हणाले वास येतो. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर एकमताने ठराव झाला: टाकीला हिरवा रंग द्यायचा.